शिगेचं माप

सौंसरहून लोधीखेड्याकडं जाताना रस्त्यापासून थोडं आत माझ्या सासरचं गाव. ऐंशीच्या दशकात मी तिथं सून म्हणून गेले. माहेर पांढुर्ण्याचं, पितळी भांड्यांच्या दुकानाचं. पांढुर्ण्याची पोरगी म्हटल्यावर गोटमारीची थट्टा ठरलेलीच; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार. सासऱ्यांना आमच्याकडं मामाजी म्हणतात. ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "काहो बाई, नेम कसा हाये तुमचा?" मी म्हणाले, "मामाजी, आम्ही भांडी विकतो. गोटे सावरगाववाले पाहतात." ते इतके हसले की मला वाटलं, या घरात आपलं जमेल.

त्या घराच्या दोन गोष्टी गावात प्रसिद्ध होत्या. एक बंदूक आणि दुसरी शीग. पायली काठोकाठ भरल्यावरही ओतत राहिलं की वर दाण्यांचा ढीग उभा राहतो, ती शीग. बाकीच्या घरी मजुरीची ज्वारी देताना पायलीवरून हात फिरवून माप सपाट करायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तसं कधी करत नसत. दाणे चहूबाजूंनी घरंगळायला लागेपर्यंत त्यांचा हात थांबायचा नाही. मला पहिल्यांदा ज्वारी मोजायला बसवलं तेव्हा म्हणाल्या, "मापाले टक्कल नोको ठेवू वं." सपाट माप देणं म्हणजे घेणाऱ्याला दारातून हाकलणं, असं त्यांचं मत. साखर असो, मीठ असो, शेजारणीला उसनं दिलेलं पीठ असो, शीग आलीच.

बंदूक पीकरक्षणाची होती, जुनी बाराबोर. डुकरं एकदा भुईमुगात शिरली की सकाळी अर्धं वावर उलथंपालथं झालेलं दिसायचं. परवाना मामाजींचा, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून वावरात माझे यजमान जायचे. त्यांचंही नाव परवान्यावर होतं. डुकरं हाकलायला विकतची काडतुसं उडवणं कोणाला परवडणार? त्यामुळे उडवलेल्या काडतुसांची रिकामी कवचं जपून ठेवायची आणि घरीच पुन्हा भरायची, अशी रीत होती.

भरायचा दिवस म्हणजे सोहळाच. दुपारची जेवणं उरकली की चूल विझवायची, मामाजींची विडीकाडी मी माझ्या ताब्यात घ्यायची, आणि पापड लाटायला बसावं तसं आम्ही पडवीत रांगेनं बसायचो. मामाजी चाचपडत कवचाच्या बुडाची उडालेली टोपी काढून नवी बसवायचे. आत्याबाई मापानं बंदुकीची दारू घालायच्या, कारण त्या घरात मोजायचं काम दुसऱ्या कोणाला मिळतच नसे. मी दारूवर दाबायचे पुठ्ठ्याचे डाट कापून द्यायची. यजमान दट्ट्यानं डाट दाबून छर्रे भरायचे आणि यंत्रात घालून कवचाचा काठ वळवायचे. माप द्यायच्या वेळी आत्याबाई पुटपुटायच्या, "रानात जाते माहा लेक. त्याले काय हात राखून देऊ?" आम्ही हसायचो. मीही हसले आहे.

भरायचं हे सगळं सामान सुरुवातीला उसनं असायचं. बोरगावला एक म्हातारे निवृत्त वनरक्षक होते, त्यांचा जुना, जड, चकचकीत संच होता. ते वारले आणि त्यांच्या मुलानं तो नागपूरला नेला. मग मामाजींनी स्वतःच नागपूर गाठलं आणि कुठल्याशा बोळातून एक स्वस्तातला संच आणला. त्यावर करणाऱ्याचं नावगाव काही नव्हतं. "अस्सलच हाये," म्हणाले, "फक्त नाव टाकलं नाही." मी भांड्याच्या दुकानात वाढलेली. नाव न टाकलेली भांडी कशी असतात ते मला कोणी सांगायला नको होतं.

मी तो संच चादरीवर मांडला आणि गिऱ्हाईक बघतं तसा एकेक जिन्नस बघितला. कवच उभं करायची पाटी मधोमध वाकलेली, म्हणजे कवच तिरपंच उभं राहणार. काठ वळवायच्या यंत्राचा दांडा खिळ्याशी खुळखुळत होता. एक कवच वळवून पाहिलं तर काठ एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला चुरगळलेला. दट्ट्याचं लाकूड ओलं, पावसाळा सरताच चिरणारं. पितळ वाजवून पाहिलं, आवाज बसका. चांगलं निघालं ते फक्त माप. जोड नाही, काठ गुळगुळीत. जुन्या मापाची खूण मामाजींनी औषधाच्या बाटलीवर करून ठेवली होती. नवं माप पाण्यानं काठोकाठ भरून बाटलीत ओतलं तर पाणी बरोबर खुणेवर आलं. जुनं माप बोटासारखं उभट होतं, हे वाटीसारखं पसरट, एवढाच काय तो फरक.

"माप ठेवा, बाकी सगळं परत करा," मी सांगितलं.

मामाजी दुखावले. "बाई, हे काही रुखवतातलं भांडं नाही," म्हणाले. मग पाटी ठोकून सरळ झाली, खिळ्याला सुतळी गुंडाळली गेली, आणि पडवीत पुन्हा आमची रांग बसली.

ती काडतुसं उडवून पहिल्यांदा वावरातून आले तेव्हा यजमानांचा खांदा लाल होता. पुढच्या खेपेला निळा झाला. बंदुकीचा धक्का फार बसतो म्हणाले. उडवलेलं कवच नळीतून सहज निघत नव्हतं, काठीनं ढोसून काढावं लागत होतं. मामाजी म्हणाले, बंदूक म्हातारी झाली. यजमान म्हणाले, रुसली असंल. मी म्हणाले, हा तुमचा सुतळीवाला दांडा घात करणार आहे. आत्याबाई खांद्याला हळद लावत होत्या, आणि पुढच्या दुपारी पडवीत बसल्यावर माप देताना पुन्हा तेच, 'हात राखून देऊ काय', पुटपुटत होत्या.

मला भीती वाटायची, ती लपवायची म्हणून मी भांडायची. भांडण करणारी बाई घरात सगळ्यांच्या सवयीची होते, तिचं कोणी ऐकत नाही. एकदा मी भरलेली काडतुसं धान्याच्या कोठीत लपवली. यजमानांनी शोधून काढली. "अवं, भुईमूग डुकराले आंदण देऊन टाकू काय?" एवढं बोलून ते निघाले.

सकाळी दोन माणसं त्यांना धरून घेऊन आली. उजव्या कानावर दुपट्टा दाबलेला, गाल भाजलेला, भुवई जळालेली. नळीचा मागचा भाग फुटला होता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोळा वाचला हे नशीब समजा. उजव्या बाजूनं हाक मारली की यजमान समोरच बघत राहत, त्यावरून कानाचं काय ते कळलंच होतं.

आत्याबाई त्यांच्या खाटेपाशी बसून असायच्या, उठायच्याच नाहीत. अशाच एका दुपारी मी डबा न्यायला घरी आले तर मामाजी पडवीत तो संच घेऊन बसलेले. "बाई, डबीभर खसखस आना," म्हणाले. दारूच्या जागी ती भरून पाहायची होती; मी आणली. त्यांनी माप माझ्या हातात दिलं. "आता आत्याबाई भरते तसं भरा."

मी ओतत गेले. पसरट तोंडावर खसखशीची शीग चढत गेली, घरंगळेपर्यंत. मग मामाजींनी सुरीच्या पातीनं माप सपाट करायला लावलं आणि वरची शीग वेगळी काढायला लावली. काढलेला ढीग इतका होता की आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत राहिलो. बोरगावच्या त्या उभट मापावर शीग म्हणजे चिमूटभरच जास्तीची दारू असायची. हात तोच होता. वाटी बदलली होती.

मामाजींनी ती खसखस उचलली आणि अंगणात फेकली. "हे इथंच राहिलं," म्हणाले. "नागपूरच्या मालानं घात केला. कोनी पुसलं त हेच सांगाचं."

मला राग आला, फार राग आला. खाटेपाशी बसलेल्या त्या बाईचा आला, आणि तिनं लेकाला जास्त दिलं एवढाच तिचा गुन्हा म्हणून राग धरताही येईना. मग तो सगळा मी त्या यंत्रावर काढला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वाकलेली पाटी दाखवायची, दांडा खुळखुळवायची, बोळातल्या त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरायची. मामाजी माझ्या जोडीला. आम्ही दोघं इतकं मन लावून बोलायचो की बंदूक ठाण्यात जमा केली तेव्हा तिथल्या शिपायानंही नागपूरला चार शिव्या दिल्या. आत्याबाई हे सगळं ऐकायच्या आणि मान खाली घालून लेकाला भरवत राहायच्या. त्यांना काही कळलेलं नाही, असं मी धरून चालले.

ज्वारी खळ्यावर आली तोवर यजमान हिंडूफिरू लागले होते. मजुरी द्यायचा दिवस होता. बाया लुगड्याचे पदर पसरून बसलेल्या, यजमान पोत्याचं तोंड धरून उभे, आत्याबाई पायली घेऊन बसलेल्या. पहिलं माप भरलं. ओतता ओतता त्या काठाशी थांबल्या आणि तळहात आडवा फिरवून पायली सपाट केली.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हातारी मजूर हसत म्हणाली, "काकू, यंदा हात आखडला काय वं?"

आत्याबाईंनी पायली तिच्या पदरात रिकामी केली. दुसरंही माप तसंच भरलं, तसाच हात फिरवला. मग मला जवळ बोलावलं आणि पायली माझ्यापुढं सरकवली.

"शीग तू लाव वं," म्हणाल्या. "माह्या हाताची नोको आता."

मी काहीतरी बोलायला गेले. नागपूरचा माल, वाकलेली पाटी, तेच पाठ केलेलं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तुहे मामाजी बी तसंच सांगते, तू बी तसंच सांगतं. सांगा. लोकाईले सांगा," त्या हळू म्हणाल्या. "पन मोजलं त मीच होतं नं बाई."

माझे हात पोत्यात गेले. मी ओंजळी भरभरून ओतत राहिले, दाणे पायलीवरून घरंगळून त्यांच्या मांडीवर पडत राहिले. यजमान आमच्या डाव्या अंगाला उभे होते, म्हणजे त्यांचा उजवा कान आमच्याकडं होता. त्यांनी मान वळवून चांगला कान पुढं केला आणि विचारलं, "काय म्हनली माय?"

"काही नाही," मी म्हणाले. "पोतं जरा वाकवा."