उलटा कोट

प्रेम नगरात आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ थंडीभर कोट उलटा घालून स्कूटर चालवतात. कोटाची पाठ छातीवर, बटणं पाठीवर. "समोरून हवा शिरायला फटच नको, भैया," असं त्यांचं म्हणणं. पण पाठीवरची बटणं आपली आपल्याला लावता येत नाहीत. म्हणून रोज सकाळी ते आमच्या फाटकाशी हॉर्न वाजवतात आणि पाठ करून उभे राहतात. मी बटणं लावतो. ती काढायला त्यांच्या ऑफिसातला चौकीदार असतो.

परवा पाण्याच्या मोटारीवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. "आता तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही," हे त्यांनी साऱ्या गल्लीला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी समोरचं घर दिसेना इतकं धुकं होतं. नेहमीच्या वेळी हॉर्न वाजला. मी बाहेर गेलो, तर ते पाठ करून उभे. मीही न बोलता चार बटणं लावली आणि मधलं जाणूनबुजून सोडलं. ते हलेनात. हात मागे नेऊन चाचपडले, पण बोटं पोचेनात.

शेवटी मान न वळवता म्हणाले, "भैया, मधलं राहिलं."

ते लावायला मी जरा जास्तच वेळ घेतला.