कधीही बंद न होणारा नळ

आमच्या मागीलदारचा नळ आम्ही कधी बंद करत नाही. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपातून आपसूक उतरतं आणि वापरून उरलेलं केळींना जातं. नळ बंद केला की आत दाब चढतो आणि वर कुठेतरी पाइपाचा जोड निसटतो.

आज पाहुणी आलेल्या सुनेने पाणी वाया जातंय म्हणून नळ घट्ट बंद केला. बिचारीने चांगल्यासाठीच केलं. मी गुडघे धरत डोंगर चढलो. या वयात वाटतं, पाण्यालाच थांबायची मुभा नाही, तर आपल्याला कुठली?

जोड बसवून उतरलो, तेव्हा बायको वाहत्या नळाखाली भांडी घासत होती.

"आई, आता पडा ना जराशा," सून म्हणाली.

"नको गं. एकदा पडले की मग उठवत नाही."

सून हसली. मी नुकताच डोंगरावरून आलो होतो. मला हसू आलं नाही.