मदतनीस म्हणून माझं नाव

लातूरच्या बसस्थानकावरून फोन आला तेव्हा मी गहू निवडत बसले होते. नंबर ह्यांचा होता, आवाज परक्या माणसाचा. "या फोनवर सगळ्यात वर 'मदतनीस' असं नाव आहे. तुम्ही त्यांच्या कोण?" मला परक्या माणसाशी बोलायची सवय नाही. ते गृहस्थ पुन्हा म्हणाले, "बाई, घरात दुसरं कुणी आहे का?" दुसरं कुणीच नव्हतं. लेक सासरी, पुण्याला. मग मीच म्हणाले, "मी त्यांची मंडळी." नांदेडच्या गाडीत चढता चढता हे पायरीवर बसले आणि बसल्या जागीच गेले, असं त्यांनी सांगितलं. हातात पिशवी होती. पिशवीत लातूरच्या जुन्या सोबत्याकडून आणलेली एक लहानशी मोटर होती, लिंबाएवढी... ती मला नंतर मिळाली.

आता दीड महिना होत आला. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. निलंग्याजवळच्या आमच्या गावात त्यापुढं मुलींना पाठवत नसत. लिहिणं म्हणजे किराण्याची यादी, एवढंच. पण एक गोष्ट मी तीन वर्षं कुणाला सांगितली नव्हती, ती आता सांगून झाली आहे. ती सांगितल्यावर बाकीचंही लिहावंसं वाटलं.

'मदतनीस' हे नाव ह्यांनी थट्टेनं घातलेलं नव्हतं. त्यामागं मोठी हकिकत आहे. लग्नानंतर पुष्कळ वर्षं आम्ही लातूरला होतो. हे डाळमिलमध्ये विजेचं काम बघायचे. अंगावर कायम तुरीचा भुसा. एकदा कोथिंबीर आणायला म्हणून सायकलवर गेले ते दिवे लागायच्या वेळेला परत आले, कोथिंबिरीशिवाय. एका कॉलेजच्या मैदानावर मुलं रिमोटचं विमान उडवत होती, ते बघत उभे राहिले होते. "अगं, इतकुसं हाय," हातांनी माप दाखवत म्हणाले, "पण खऱ्यावानी वळतंय." मी म्हणाले, "आणि कोथिंबीर?" तर म्हणाले, "ती उडत नसती, उद्या बी मिळंल." त्या दिवसापासून घरात थर्माकोलचे तुकडे, बाल्सा नावाचं हलकं लाकूड, तारा आणि डिंक यांना कायमची जागा झाली. पहिली विमानं उडायची कमी आणि पडायची जास्त. शेजारीण म्हणायची, "तुमच्या मालकानं आज काय पाडलं?" मला लाज वाटायची. ह्यांना कधीच वाटली नाही.

पुढं आम्ही नांदेडला आलो. ह्यांचं मूळ गाव मुदखेडजवळ, थोरले दीर तिथं शेती बघतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही मनातल्या मनात तेच म्हणते. मनातल्या मनात, कारण तीस वर्षांत मी त्यांच्याशी समोरासमोर बोललेच नव्हते. ते आले की पदर डोक्यावर घ्यायचा, चहा बाहेर पाठवायचा, विचारायचं असेल ते जाऊबाईंना विचारायचं. आमच्यात तसंच असतं. त्यात कुणाचा राग नसतो.

नांदेडला विमानं उडवणाऱ्यांचा एक क्लब आहे असं ह्यांना कळलं. शाळेतून निवृत्त झालेले एक सर त्याचे सेक्रेटरी. मुदखेडच्या रस्त्याला एक माळ होता, त्यावरचे दगड वेचून त्यांनी धावपट्टी केली होती. हे फॉर्म घेऊन आले तो दिवस मला चांगला आठवतो. सणासारखं करून ठेवलं होतं त्यांनी. जाजम अंथरलं, चष्मा पुसला, पेन दोनदा झटकलं. वर्गणीतच विमा होता. विमान कुणाच्या अंगावर, गाडीवर नाहीतर पत्र्यावर पडलं तर भरपाई कंपनी देणार. आपलं विमान मोडलं तर मात्र आपलं आपण बघायचं.

"आणि तुमच्याच डोक्यात पडलं तर?" मी विचारलं.

"त्याला तू हायस की."

पण विम्याला एक अट होती. विमान उडवणाऱ्याची नजर सारखी वर असते. म्हणून त्याच्या शेजारी मदतनीस पाहिजे. खाली कोण येतंय, जनावर आहे का, लेकरू आहे का, ते त्यानं बघायचं आणि मोठ्यानं ओरडून सांगायचं. तो मदतनीसही क्लबचा सभासदच पाहिजे, नाहीतर विमा लागू नाही. ह्यांनी पिशवीतून दुसरा फॉर्म काढला. त्यावर माझं नाव आधीच लिहिलेलं होतं.

मी म्हणाले, "मला नाही जमायचं. एवढ्या माणसांत ओरडायचं?"

"दूध उतू गेल्यावर वरडतीस की. गल्ली गोळा व्हती."

"ते घरात."

"मग माळाला घर समज."

फॉर्मवर शिक्षणाचा रकाना होता. मी म्हणाले, तो मोकळा सोडा. त्यांनी सोडला नाही. 'चौथी पास' असं लिहिलं, आणि त्यातल्या 'पास'खाली रेघ ओढली. मी सही केली. रेशनकार्ड आणि बँक सोडून कुठं सही करायची माझी ती पहिलीच वेळ.

सुरुवातीला माझा आवाज फुटायचाच नाही. ह्यांचं नाव घ्यायचं नाही आणि नुसतं "अहो" म्हटलं तर माळावरचे सगळेच वळून बघायचे. सर हसून म्हणाले, "ताई, आम्ही सगळेच कुणाचे ना कुणाचे अहो आहोत." त्यांनी मला एक शिट्टी आणून दिली. ती मी गळ्यात घालून पदराखाली ठेवायची. हळूहळू भीड चेपली. शेळ्या आल्या, शिट्टी. मोटारसायकल आली, शिट्टी. रविवारी सकाळी डबा घेऊन आम्ही जायचो. हे रिमोट घेऊन उभे, त्यांच्या डाव्या बाजूला मी. ते वर बघायचे, मी खाली बघायचे. विमान नीट उतरलं की न वळताच म्हणायचे, "जमलं बग." घराबाहेर आम्हाला दोघांना मिळून करता येईल असं ते एकच काम होतं. संसारात बाकीची कामं वाटलेली असतात... त्यांची त्यांना, माझी मला.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी अण्णा नांदेडला आले होते. घराला कुलूप दिसलं. शेजारणीनं सांगितलं, दोघं माळावर गेलेत. ते तसेच रिक्षा करून आले आणि बाभळीच्या बाजूनं धावपट्टी ओलांडत सरळ आमच्याकडं यायला लागले. पांढरं धोतर, टोपी, हातात पिशवी. विमान त्याच वेळी उतरत होतं, त्यांच्या पाठीमागून. मला सगळं दिसत होतं. अण्णा दिसत होते, विमान दिसत होतं, दोघांतलं अंतर कमी होताना दिसत होतं. शिट्टी गळ्यात होती. आणि माझा हात वर गेला तो शिट्टीकडं नाही, डोक्यावरच्या पदराकडं. मी पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली. थोरल्या दिरासमोर शिट्टी कशी वाजवायची, एवढंही मी मनात म्हटलेलं आठवत नाही. हात आपोआप गेला. वर बघितलं तेव्हा अण्णा खाली पडले होते.

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. दवाखान्याचा खर्च विम्यातून मिळेल असं सर म्हणाले, फॉर्म तेवढा भरायचा. त्यात एक प्रश्न होता. मदतनीसाने इशारा दिला होता का? सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की इशारा दिला नाही असं असेल तर कंपनी शंका काढते, आणि मदतनीसाचं नाव क्लबातून निघतं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग लिहिलं, 'हो, दिला. माझे लक्ष नव्हते.'

"असं कशाला लिहिता?" मी म्हणाले.

"तुझं नाव काढतील."

"काढू द्या."

"मग मी कुणासंगं उडवू?"

विम्याचे पैसे आले. क्लबच्या नियमानं ह्यांना एक वर्ष विमान उडवायची बंदी झाली. ते वर्ष त्यांनी इतरांची विमानं धरून काढलं. पण ते खोटं अण्णांपर्यंत पोचलं, आणि तिथं त्याचं भलतंच झालं. अण्णांना कमी ऐकू येतं. त्यांनी असा हिशेब केला की घरची बाई जिवाच्या आकांतानं ओरडली, मला बहिऱ्याला ऐकू आलं नाही हे ठीक, पण ह्याला तर कान आहेत. ह्यानं ऐकून विमान वळवलं नाही. जाऊबाईंनी मला त्यांचे शब्द सांगितले, "खेळण्यापायी सख्ख्या भावाला पाडलं, आन् वर कंपनीचा कागद धाडला सहीला." त्यांचा डावा हात नंतर पुरता वर गेलाच नाही. ते ह्यांच्याशी बोलायचे बंद झाले. पुतणीच्या लग्नात हे मांडवाच्या दाराशी दोन तास उभे राहिले. अण्णा येता जाता शेजारून गेले, पण बोलले नाहीत.

मी कितीदा म्हणाले, मी जाऊन खरं सांगते. हे म्हणायचे, "राहू दे. तुझ्यावर रागावले तर तू त्या घरात पाय ठेवायची न्हाईस. माझ्यावरचा राग हाय, आज ना उद्या जाईल." आणि मला ते बरं वाटायचं. हे इथं लिहायलाच पाहिजे. मला बरं वाटायचं, कारण अण्णांपुढं उभं राहून बोलायची माझ्यात हिंमत नव्हती. ह्यांच्या पाठीमागं मी तीन वर्षं लपून राहिले.

अण्णा मातीला आले. सगळं त्यांनीच केलं. लाकडापासून लोकांच्या चहापर्यंत. एका हातानं. दिवस झाले आणि ते मुदखेडला परत गेले. त्यानंतर आठ दिवसांनी सरांचा फोन आला. नवीन वर्षाची वर्गणी भरायची वेळ आली होती. ते फार अवघडून बोलत होते. "ताई, साहेबांचं नाव कमी करावं लागेल. तुमचं ठेवायचं का?" मी म्हणाले, "रविवारपर्यंत थांबा." माझं नाव त्या यादीत कशाच्या जोरावर राहिलं होतं ते मला माहीत होतं.

शनिवारी मी एकटी मुदखेडला गेले. अण्णा अंगणात हळदीची पोती शिवत बसले होते. मला बघून जाऊबाईंना हाक मारायला लागले. मी म्हणाले, "तुमच्याशीच बोलायचंय." त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले. ते कानाला हात लावून म्हणाले, "मोठ्यानं बोल बाई, मला न्हाई ऐकू येत."

मग मला ओरडावं लागलं. "त्या दिवशी मी ओरडले नव्हते! शिट्टी वाजवली नव्हती! तुम्हाला बघून मी पदर घेत बसले! ह्यांनी खोटं लिहिलं, माझं नाव काढतील म्हणून!" शेजारच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या. जाऊबाई दारात भाकरीच्या पिठाच्या हातानं उभ्या राहिल्या. माझा आवाज कापला नाही.

अण्णांनी दाभण पोत्यात खुपसून ठेवलं. मग म्हणाले, "तीन वर्सं." पुन्हा, "मला तेव्हाच कामून सांगितलं न्हाईस?" "भीत होते," मी म्हणाले. "मला?" त्यांनी विचारलं, आणि उठून गोठ्याकडं गेले. जाऊबाई म्हणाल्या, "बस, जेवून जा." मी बसले. अण्णा जेवायला आले नाहीत. मी निघाले तरी आले नाहीत. मला वाटलं, संपलं आता, हेही घर गेलं. परत येताना गाडीत मला रडू आलं नाही, हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरांनाही फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आज सगळ्यांच्या कानावर घालतो. नाव ठेवायचं की नाही ते मग ठरवू." अजून ठरलेलं नाही.

गेल्या गुरुवारी दार वाजलं. अण्णा होते. हातातली ज्वारीची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "त्याची खोली दाखव." त्या खोलीत मी दीड महिना झाडून काढण्यापलीकडं काही केलं नव्हतं. टेबलावर एक विमान अर्धवट आहे. एका पंखावर लाल कागद लागलेला, दुसरा नुसता बरगड्यांसारखा उघडा. अण्णा त्या उघड्या पंखाकडं वाकून बघत राहिले. किती बारीक काड्या, कशा एकसारख्या कापलेल्या... "हे समदं त्यानं हातानं केलं?" त्यांनी विचारलं. माळावर ते आले होते तेव्हाही त्यांना एवढंच बघायचं असेल, असं मला आता वाटलं.

"ह्याचं काय ऱ्हायलंय?"

"कागद लावायचा. इस्त्रीनं चिकटतो. ते काम माझ्याकडं असायचं. हे ताणून धरायचे."

अण्णा खुर्चीवर बसले. उजव्या हातानं त्यांनी कागदाची एक कड धरली. डावा हात टेबलाच्या वर जाईना, म्हणून तो टेबलाच्या काठावर टेकवून दोन बोटांत दुसरी कड धरली. मी इस्त्री तापवली. पदर डोक्यावरून घसरला होता, हातात इस्त्री होती, तो तसाच राहिला.

"ताणून धरा," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, ताणून धरा, सुरकुती पडतेय!"

"धरलंय की," अण्णा म्हणाले. "किती वरडतीस."