नडगी मॅडमच्या पायाची नाडी

माझ्या मावशीला निवांत बसलेली पाहिलेला माणूस अजून जन्माला यायचाय. चहा ती ओट्यापाशी उभ्याने पिते, पेपर फेऱ्या मारत वाचते आणि कुणी "बस की जरा" म्हटलं की त्यालाच शिकवायला लागते. पोटरी आवळली की पायातलं रक्त वर ढकललं जातं, म्हणून माणसाने चालत राहावं, हे मी तिच्या घरी राहायला आले तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आत ऐकून झालं होतं.

फिजिओथेरपीच्या कॉलेजात ती पाय शिकवते. हात शिकवणारे वेगळे, पाठ शिकवणारे वेगळे. कमरेखालचं सगळं राज्य हिचं. मुलं तिला नडगी मॅडम म्हणतात. मी भाचीही आणि विद्यार्थिनीही, त्यामुळे बोलणी दोन्हीकडे खाते. रस्त्यात कुणी लंगडताना दिसलं की ही त्याच्या मागे मागे जाऊन कुठला स्नायू कामचुकार आहे ते मला ऐकवते. लाज वाटते हो.

अलीकडे मात्र कॉलेजातून घरी येताना ती मध्येच थांबायला लागली होती, दुकानांच्या काचांत बघत. चपलांचं दुकान एक वेळ ठीक, पण नळाच्या सुट्या भागांत काय बघायचं असतं? जरा वेळ उभी राहायची आणि पुन्हा तरातरा पुढे. मला भूक लागलेली असायची, मी कुरकुरायचे.

दरवर्षी नाडीच्या तासाला मावशी स्वतःचा मोजा काढून डावं पाऊल स्टुलावर ठेवते. अंगठा वर उचलला की पावलावर एक दोरी ताठ दिसते; तिच्या शेजारी, करंगळीच्या बाजूला हलकं बोट ठेवलं की नाडी लागते. यंदाही एकेक जण पुढे आला. "लागली, मॅडम." "लागली." तिच्यापुढे नाही म्हणायची कुणाची छाती? माझी पाळी आली आणि मला काहीच लागेना.

"दाबतेयस कशाला? हलकं ठेव," ती खेकसली.

"हलकंच आहे. नाही लागत."

वर्ग हसला. मावशीने सगळ्यांना परत बोलावलं. "बोट ठेवा आणि दुसऱ्या हाताने टेबलावर ठोके द्या." एकाचे ठोके संथ, दुसरीचे पळते. एका पायात इतक्या नाड्या कुठून येणार? जोरात दाबलं की आपल्याच बोटातली नाडी आपल्याला लागते. जो तो स्वतःचीच सांगत होता. मला वाटलं, आता सगळ्यांची खरडपट्टी निघणार. पण तिने मोजा चढवला, "काहींच्या पावलावर ती जन्मतःच नसते," म्हणाली आणि तास आवरला.

घरी जाताना ती पुन्हा नळवाल्यापाशी थांबली. या वेळी मी तिच्याकडे बघितलं. ती वाकून पोटरी चोळत होती. चाललं की दुखतं, थांबलं की दुखणंही थांबतं: पायाला रक्त पुरत नसल्याची ही खूण तिनेच आमच्याकडून घोकून घेतली होती. मी घाबरले. तिचा रागही आला.

"तुझी जन्मतः नाही?" घरात शिरल्याबरोबर मी विचारलं.

"गेल्या वर्षीपर्यंत लागायची." फेऱ्या चालूच.

"मग दाखवत का नाहीस कुणाला?"

"रक्तवाहिनी तुंबली म्हणतील. बसवून ठेवतील मला. आणि पायच गेला तर?"

"बस आधी," मी म्हणाले. आवाज चढलाच माझा. आणि मावशी खरंच बसली. पाय माझ्या मांडीवर ठेवला. पावलावर काही नव्हतं. घोट्यामागे काही नव्हतं.

"गुडघ्यामागे बघ, खोल. तिथपर्यंत रक्त येत असेल तर थोडक्यात निभावेल," ती म्हणाली.

मी बोटं रुतवली आणि धडधड लागली. सांगायला तोंड उघडलं होतं. ती इतक्या आशेने बघत होती की मला रडू यायला लागलं. मग दुसऱ्या हाताने मी तिचं मनगट धरलं. तिथली नाडी शांत चालली होती. माझ्या बोटांखालची उधळली होती.

"लागली ना?"

"नाही, मावशी. ही माझीच आहे."

तिने पाय माझ्या मांडीवरून खाली घेतला, पण ती उठली नाही.

"उद्या दवाखान्यात चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "चालत नको जाऊया."