दादाने डब्यांवर लिहिलेली नावं

आमचा दादा, सखाराम, मार्चमध्ये गेला. इकडे कुवेतलाच, हवल्लीच्या रूमवर, झोपेतच. मी नववी नापास, लिहायची सवय नाही, तेव्हा बोलतो तसंच येणार. वाडीच्या ग्रुपवर सगळे विचारतात, दादा कुवेतला करायचा काय. सुतार होता एवढंच तुम्हाला माहीत. म्हणून सांगतो.

दादा ब्याण्णवला आला, इराकच्या लढाईनंतर. इद्रीस म्हणून एक कुवेती, त्याच्या कॅसेट कंपनीत फळ्या मारायला गेला आणि तिकडेच चिकटला. इद्रीस काळा माणूस, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. मुलगा झैद, म्हणून त्याला सगळे बू झैद म्हणतात, इकडे मुलाच्या नावानेच हाक मारतात. कंपनी त्याच्या वडलांनी काढलेली. ते ढोल वाजवायचे. लग्नात सगळ्यांना यांचाच ढोल हवा, पण कॅसेट निघाली की वर एकट्या गायकाचं नाव. म्हातारा चिडला, म्हणाला आपली आपण काढू. मग त्यांच्या कॅसेटवर ढोलवाला, टाळ्या वाजवणारा, सगळ्यांची नावं यायला लागली. टॅक्सीत, दुकानात, लग्नघरी त्याच कॅसेटी. आज लग्नात जे ठेके वाजतात ते निम्मे आमच्या कॅसेटीवरून शिकलेले, असं बू झैद सांगतो.

दादाचं काम मूळ टेपवरून कॅसेटी भरायचं. अरबी वाचता येत नव्हती. मग याने काय केलं, प्रत्येक टेपच्या डब्यावर पेन्सिलने आपल्या वाडीतल्या माणसाचं नाव टाकलं. आवाज ज्याची आठवण देईल त्याचं. बू झैदला वाटायचं हा आकडे लिहितो.

कंपनी बंद पडून खूप वर्षं झाली. दादा नंतर इकडेच अम्गरा म्हणून भाग आहे तिथे सुतारकाम करायचा, पण शुक्रवारी बू झैदकडे चहा ठरलेला. आता ती जुनी बिल्डिंग पाडणार. जुनी गाणी जपून ठेवणारं एक ऑफिस टेपा न्यायला तयार झालं. त्यांनी बजावलं, वाजवून बघू नका, जुनी टेप तुटते, आधी आम्ही दुरुस्त करू. पण कुठल्या डब्यात कोण ते लिहून द्या, बिननावाचं घेत नाही. आणि नावांच्या वहीवर एसीचं पाणी पडून सगळी शाई एक झालेली. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची यादी बू झैदला तोंडपाठ, पण कोण कुठल्या डब्यात ते नाही. डबे त्रेचाळीस. त्यातल्या एकात त्याच्या आईचं गाणं. ती बायकांबरोबर लग्नात गायची, टेपवर एकदाच गायली. त्याचा जीव तिथे अडकलेला.

दादाचं तेरावं झालं आणि झैदचा फोन आला. "अंकल, आप के भाई का लिखा कोई नही पढ सकता. आप आओ."

गेलो. दादाची ही नावांची गंमत मला ठाऊक होती, ती आधी बू झैदला सांगितली. मग पहिला डबा उचलला. "अनुप मास्तर," मी वाचलं.

"तो कसा बोलतो?" बू झैदने विचारलं. आमचं बोलणं सगळं मोडक्या हिंदीत.

"आधी खाकरतो, मग बोलतो. हजेरी घेताना पण."

बू झैद हसला. "मग हा आमचा गायक मरजान. लिही, झैद. त्याला पाणी पाजून पाजून आम्ही दमायचो."

असं करत चाललो. एका डब्यावर बाळा. म्हणजे मीच.

"तू कसा आहेस?"

"मला काय माहीत."

"घाई करतोस?"

"जेवताना दादा म्हणायचा, मेल्या, ताट पळतंय काय तुझं."

"मग हा माझा भाऊ अशरफ. गायकाने तोंड उघडायच्या आत याचा ढोल."

शेवटी दोन डबे उरले आणि यादीतल्या दोन गाणाऱ्या बायका, त्यातली एक बू झैदची आई. डब्यांवर मंदाकाकू आणि नर्मदा. नर्मदा म्हणजे आमची वहिनी. बू झैद म्हणाला, गाणाऱ्या दोघींचा आवाज मोठा होता. मंदाकाकूचा तर तुम्हाला माहीतच आहे, पलीकडच्या वाडीतून पण शिव्या ऐकू यायच्या. पण वहिनी गाते कुठे? मी अडकलो.

"अंदाजाने लिहितो," झैद म्हणाला.

"नाही," बू झैद म्हणाला. "माझ्या आईचं नाव दुसरीच्या गाण्यावर नको. दुसरीचं पण आईच्या गाण्यावर नको."

मी गावी वहिनीला फोन लावला, स्पीकरवर. "वहिनी, दादा तुमच्या आवाजाला कधी काय म्हणायचा?"

ती म्हणाली, "चिडवायचे. भाकऱ्या थापताना मी नुसती गुणगुणते ना, शब्द नाहीत काही. म्हणायचे, नर्मदे, गाणं सुरू कधी होणार?"

मी हिंदीत सांगितलं. बू झैदने हातातला चहा खाली ठेवला.

"आईला माईकची लाज वाटायची," तो म्हणाला. "ढोल येईपर्यंत तोंड मिटून नुसती गुणगुणत राहिली. लोक म्हणाले, तेवढं काप. बाबांनी कापलं नाही."

झैदने नर्मदाच्या डब्यावर आजीचं नाव चिकटवलं. बू झैद डोळे पुसत फोनजवळ सरकला. "शुक्रान, बेहेन," म्हणाला.

"काय म्हणाले?" वहिनीने विचारलं. मी सांगितलं, आभार मानतात.

"भावोजी," ती म्हणाली, "टेप दुरुस्त झाली की मला पण ऐकवा म्हणावं. यांना माझं काय ऐकू यायचं ते तरी कळेल."