सौंसरच्या मशीनमधला आवाज

आमच्या धंद्यात एक रीत आहे. संत्र्याची गाडी भरून निघाली की मागची जागा झाडून काढायची. तणसाची काडी ठेवायची नाही, दबलेलं फळही ठेवायचं नाही. मागं राहिलेलं फळ पुढच्या मालाला सडवते. मी पांढुर्ण्यात जन्मभर पेट्या ठोकल्या. चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण ही रीत कधी मोडली नाही. माझ्या बायकोनेही मोडली नाही, आणि ती तर कॉम्प्युटरवर काम करायची.

सौंसरला संत्र्याच्या एका कंपनीच्या ऑफिसात ती होती. कोणत्या गावाहून किती माल आला, कोणाच्या बागेचा, फळ मोठं की बारीक, हे सगळं ती तिथल्या मेन मशीनमध्ये भरायची. मेन मशीन म्हणजे काचेच्या खोलीतलं एक काळं कपाट. त्याच्यासाठी बारा महिने एसी चालू. एकदा मी तिचा विसरलेला डबा घेऊन गेलो होतो, मे महिन्यात. खोलीबाहेर बाया पदराने वारा घेत बसलेल्या आणि आत ते कपाट गारेगार.

"हा कोण जावई बसला आहे आतमंदी?" मी म्हणालो.

"हळू बोला नं. साहेब ऐकतील."

"ऐकू दे. काम तुम्ही करून राहिल्या अन् हवा त्याले."

तेव्हापासून आमच्या घरी त्या मशीनचं नाव जावई पडलं. खऱ्या जावयाला हे अजून सांगितलेलं नाही.

मग तिच्या हाडांत दुखणं शिरलं. आधी कंबर, मग खांदे. सौंसरच्या बसमध्ये उभं राहणं होईना. साहेब तसा माणूस बरा. म्हणाला, घरूनच करा. आमच्या मुलीचा जुना कॉम्प्युटर घरात पडून होता, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेल्यापासून त्यावर चादर टाकलेली. ती चादर काढली आणि आमची दोघांची शाळा सुरू झाली.

ऑफिसात ती सरळ मशीनमध्येच भरायची. घरी भरलेली फाईल सौंसरच्या मशीनला पाठवायची कशी, हे तिलाही माहीत नव्हतं. ऑफिसातली ऑपरेटर बाई फोनवर सांगायची, ही ऐकायची, आणि मी हिच्या खुर्चीमागे उभा राहून उगाच मान हलवायचो. पहिल्या वेळी काहीच गेलं नाही. दुसऱ्या वेळी काहीतरी गेलं आणि आम्ही खुश. थोड्या वेळाने ऑपरेटर बाईचा फोन आला.

"काकू, माल पोचला. पिवळा आहे, पण संत्रा नाही."

मुलीच्या हळदीचे सगळे फोटो आम्ही मेन मशीनला पाठवले होते. बायको इतकी हसली की हसताना कंबर दुखली आणि रडायला लागली, आणि रडताना पुन्हा हसली.

हळूहळू जमलं. फाईल निघाली की पडद्यावर एक हिरवी पट्टी भरत जायची. आमच्याकडे नेट असं की ती पट्टी मध्येच अडायची. ही दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत बसायची.

"कुठवर आली गाडी?" मी स्वयंपाकघरातून विचारायचो.

"शिल्लेवानीचा घाट चढून राहिली."

"पांढुर्ण्याहून सौंसरले घाट कुठं लागते?"

"माणसाले नाही लागत. फाईलीले लागते."

रोजचं हेच बोलणं. पट्टी भरली, सौंसरहून पोचल्याचा फोन आला, की ती म्हणायची, "चला, झाडा आता." ते काम माझं. फाईल पुसायची, मग कचऱ्याचा डबाही रिकामा करायचा. तेव्हा कॉम्प्युटरमधून कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. मला तो आवडायचा. काम पुरं झालं असं वाटायचं. ऑपरेटर बाईने एकदा तिला सांगितलंही, काकू, घरी एक कॉपी राहू द्या. ही म्हणाली, "गेलेला माल घरात कशाले? उद्या त्याच्यात उद्याचा मिसळंन."

पुढे तिची बोटं सुजली. बटणं दाबता येईनात. मी दाबून पाहिली, पण मला एक अक्षर शोधायला इतका वेळ लागायचा की तीच म्हणाली, राहू द्या, फळ सडून जाईन. मग ऑपरेटर बाईनेच उपाय काढला. म्हणाली, काकू, तुम्ही नुसतं बोला. आवाजाची फाईल पाठवा, मी इथं ऐकून भरते.

मुलीने नागपूरहून माईक आणला. रोज दुपारी ही उशीला टेकून बसायची. गावोगावच्या खरेदी केंद्रांचे फोन येऊन गेलेले असायचे. गाव, बाग, माल, सगळं तिला तोंडपाठ. ते ती सावकाश बोलायची. बोलता बोलता धाप लागली की थांबायची, आणि मध्येच म्हणायची, "अहो, कुकर बंद करा, शिट्ट्या झाल्या." मी म्हणायचो, "अवं, हेही सौंसरले जाऊन राहिलं." ती म्हणायची, "जाऊ द्या. जावयाले बी कळू द्या सासऱ्याले भात जमत नाही."

अशा किती फाईली गेल्या ते मी मोजलं नाही. संत्र्याचा संपूर्ण आंबिया बहार, दिवाळीच्या आगेमागेचा सारा हंगाम, तिने आवाजावर काढला. आणि रोज फाईल पोचली की, "झाडा आता." मी रोज झाडत होतो.

पौषात ती गेली.

तेरवीला रिवाजाप्रमाणे तिची लुगडी-साड्या वाटून टाकल्या. चष्मा मुलीने नेला. औषधं दवाखान्यात देऊन आलो. घर असं मोकळं झालं की बोललं तर घुमते. मग एके दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्या फोनमंदी आईचा एक बी आवाज नाही. तिले फोनवर बोलणं आवडेच नाही. त्या फाईली लावा नं एखादी."

मी कॉम्प्युटर लावला. आत काही नव्हतं. फळीवर बोट फिरवलं तर धूळ लागू नये, तसं साफ. मुलीने कचऱ्याचा डबाही उघडून पाहिला. मग म्हणाली, "सौंसरले तर असतील."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी पार विझलेला माणूस, पण त्या रात्री जेवलो.

सकाळच्या बसने सौंसरला गेलो. ऑपरेटर बाईला पहिल्यांदा नीट पाहिलं. आवाजावरून मला ती जाडजूड वाटायची, निघाली काडीसारखी. साहेब खुर्चीत होता. मी खिशातून पेनड्राईव्ह काढून त्याच्या टेबलावर ठेवला. मुलीने दिलेला होता.

"आवाज का क्या करोगे काकाजी?" साहेब म्हणाला.

"ऐकीन. आणखी काय करीन? लोणचं घालू?"

बाई हसली, साहेबही हसला. म्हणाला, ले जाओ. वर हेही म्हणाला की ही मशीन आता जाणार, कंपनीचा सगळा हिशेब दुसऱ्या शहरातल्या मोठ्या मशीनवर चालला आहे, बरं झालं वेळेवर आलात.

बाईने मला तिच्या कॉम्प्युटरपाशी बसवलं. तो कॉम्प्युटर तारेने त्या काळ्या कपाटाला जोडलेला. पडद्यावर पिवळ्या फाईलीचं एक चित्र होतं, खाली माझ्या बायकोचं नाव. बाईने ते उघडलं आणि एक फाईल लावली. सुरुवातीला खरखर. मग आतून माझ्या बायकोने घसा साफ केला. बोलण्याआधी नेहमी करायची तसा. मग बोरगावचा माल सांगायला लागली. बाग कोणाची, फळ कसं. मी त्या टेबलाची कड धरून बसलो. ऑफिसातल्या बायांनी कामं थांबवली. मध्येच ती म्हणाली, "अहो, कुकर."

मी म्हणालो, "बंद करा, बाई. इथं नको. घरी ऐकतो."

बाईने डोळे पुसत ते पिवळं चित्र उचललं आणि पेनड्राईव्हवर सोडलं. झालं म्हणाली.

"झालं? एवढ्यात?"

"हाव, काकाजी."

"पट्टी नाही भरली. घाट बी नाही लागला."

"तार आहे नं इथं. तुमच्या पांढुर्ण्याच्या नेटसारखं नाही हे," ती म्हणाली. तिचा काही दोष नाही. टायपिंगला लागलेली बाई, पेनड्राईव्हवर काही द्यायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. अडाणीपणात आम्ही दोघं सारखेच होतो.

परत येताना जामसांवलीच्या फाट्यावर उतरलो. तिच्या दुखण्यात तिथल्या आडव्या निजलेल्या मारुतीचं तीर्थ आणायला मी कितीदा गेलो होतो. ती गेल्यावर त्याच्याशी बोलणं बंद केलं होतं. त्या दिवशी आत गेलो, नारळ फोडला, पेनड्राईव्ह मुठीत धरून म्हणालो, चल, मिटलं आपलं. तू झोपलेला देव, तुले काय सगळं ऐकू येते थोडंच.

घरी येऊन पेनड्राईव्ह देवघरात ठेवला, तिच्या फोटोपाशी. लावून पाहिला नाही. लोक विचारतात, काहून नाही पाहिला? आमच्यात पेटी ज्याच्या नावाची त्याच्यासमोर फोडतात. आधी फोडली तर मालात हात घातला म्हणतात. ती मुलीचीही पेटी होती. मुलगी पोरांच्या परीक्षा झाल्यावर येणार होती. तेवढे दिवस माझे बरे गेले. सकाळी दिवा लावायचो, त्याच्याकडे पाहायचो आणि कामाला लागायचो. शेजारी म्हणाले, बुढा सुधारला.

मुलगी आली. जेवणं झाली. तिने पेनड्राईव्ह लावला. ते पिवळं चित्र आलं, खाली आईचं नाव. कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण होता. तो सौंसरलाही असेल, मी पाहिला नव्हता. मुलीने उघडलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिने पुन्हा उघडलं. पुन्हा तीच ओळ.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"जागा सापडत नाही म्हणते."

"कोणाची जागा?"

"बाबा, हे नुसतं चित्र आहे. फाईली तिकडंच राहिल्या. हे त्या फाईलीकडं जायचा रस्ता आहे फक्त. सौंसरच्या ऑफिसातच चालंन हे."

ती समजावत होती, पण मला पहिल्या वाक्यातच समजलं. पेटीवरचं लेबल काढून आणलं होतं. पेटी गोदामातच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सौंसरला गेलो. काचेची खोली उघडी होती. एसी बंद. काळ्या कपाटाच्या जागी फरशीवर चौकोन होता, बाकीच्या फरशीपेक्षा उजळ. आणि खोली झाडलेली होती. कोपऱ्यात झाडू टेकवून ठेवलेला.

ऑपरेटर बाई आम्हाला पाहून उभी राहिली. मुलीने पेनड्राईव्हचं सांगितलं. बाईच्या तोंडाचा रंग उडाला. तिने पळत जाऊन साहेबाला बोलावलं. साहेबाने नव्या ठिकाणी फोन लावला, दोनदा लावला, आमच्यासमोर. हिशेबाचे आकडे सगळे पोचले होते. आवाजाच्या फाईली ऐकून भरून झाल्या होत्या, म्हणून पाठवल्या नव्हत्या. आणि जुनी मशीन देण्याआधी साफ करून द्यायची असते. तशी दिली.

"मशीन कुठं आहे?" मुलीने विचारलं.

"भंगारमंदी गेली, ताई. पण त्याच्यात आता काही नाही. पुसून दिली," बाई म्हणाली.

ती रडायला लागली. म्हणत होती, काकाजी, मले शिव्या द्या. मला शिव्या चांगल्या येतात, सगळ्या पांढुर्ण्याला ठाऊक आहे. पण तोंडाला एक आली नाही. गाडी गेली, जागा झाडली. माझ्या बायकोनेही हेच केलं असतं, त्या खुर्चीवर असती तर.

जामसांवलीच्या फाट्यावर बस थांबली. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मुलगी जाताना पेनड्राईव्ह नेते म्हणाली. ठेवून काय करता बाबा, तुम्ही रोज बघत बसाल. मी दिला नाही. तिचं खरं आहे. मी रोज दुपारी कॉम्प्युटर लावतो, ते चित्र उघडतो, ती ओळ येते. आता मला वाचता येते ती ओळ. नंतर बंद करतो. पुसत नाही. जन्मभराची रीत ही एवढी एकच मोडली, आणि मोडली तीही रिकाम्या पेटीसाठी.

ऑफिसात जेवढं ऐकलं तेवढं कानात धरून ठेवायला बघतो. घसा साफ केलेला येतो. कुकर येतो. बोरगावचा माल मधूनमधून सुटून जाऊन राहिला. मागच्या आठवड्यापासून आवाज तिचा येतो की माझाच मनातला, ते कळेना झालं.

एकट्यापुरता भात लावतो. शिट्ट्या होतात. बंद करायला पाहिजे हे मला कळते. पण कोणी म्हटल्याशिवाय उठावंसं वाटत नाही, आणि खाली लागल्याचा वास येईपर्यंत मी तिथंच बसून असतो.