देव्हाऱ्यापासून लांब

सासूबाई माझी पाळी मोजतात, असा संशय मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी आला होता. त्या कोकणातल्या. बोरीवलीच्या आमच्या दोन खोल्यांत देव्हारा बाहेरच्या खोलीत, आणि सुनेचे चार दिवस आले की तिने तिकडे फिरकायचं नाही. मी चंद्रपूरकडच्या बौद्ध घरातली, असलं काही पाहिलेलं नव्हतं. सुरुवातीला डोकं फिरायचं. मग भांडायचा कंटाळा आला. ते चार दिवस सोडून संध्याकाळचा दिवा माझ्याकडे.

मला सिकलसेल आहे. शाळेतच तपासणी होऊन लाल कार्ड हातात पडलं होतं. हाडं आतून कोणी पिळल्यासारखी दुखतात, रक्त कमी होतं. मुलीच्या वेळी तर श्वास लागून आठ दिवस आयसीयूत होते. तिथेच एका डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता नवऱ्याला सांगितलं, "ऑपरेशन करून टाका. यांना पुन्हा झेपणार नाही." मला भयंकर राग आला. दार कायमचं बंद करायचं की नाही ते मी ठरवीन ना! पण लगेच दुसरं मूलही नको होतं, जिवाची भीती होती. पाळणा लांबवायच्या नेहमीच्या गोळ्यांनी माझ्यासारखीच्या रक्तात गाठी होण्याचा धोका, तांबी बसवली तर अंगावरून जास्त जाणार. शेवटी एका डॉक्टरबाईंनी शांतपणे सगळं समजावलं आणि मी दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन निवडलं. नवरा म्हणाला, "आईला तू काही बोलू नकोस, मी सांगतो." त्याला दोन वर्षं झाली, त्याने सांगितलं काही नाही.

घरात एवढंच ठाऊक, सिकलसेलचं इंजेक्शन आहे. मी सदानकदा हॉस्पिटलात, कोण कशाला विचारतंय? पण एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. आधी कशीही येणारी पाळी या वर्षी इंजेक्शनाने थांबलीच, आणि मी मूर्खासारखी रोज दिवा लावत राहिले.

तिसऱ्या महिन्यात सासूबाईंची नजर बदलली. भरलेली बादली माझ्या हातातून काढून घेऊ लागल्या. समोरच्या काकू येताजाता विचारायच्या, "काय गं, गोड बातमी ना?" या दोघींची खलबतं चाललीत, नातू हवाय, असं मी धरूनच चालले. मग एकदा कपाटातली माझी फाइल विस्कटलेली दिसली. लाल कार्ड नेहमी सगळ्यात वर असतं, ते तळाशी होतं.

"तुझ्या आईने माझी फाइल उचकलीय," मी नवऱ्याला म्हटलं.

"तुला ना, सगळ्यांचा संशय," तो म्हणाला. होताच.

पुढच्या इंजेक्शनाला गेले तेव्हा सिस्टर म्हणाली, "अगं, तुझी सासू फाइल घेऊन आली होती. दिवस गेलेत म्हणत होती. मी म्हटलं, अहो, दिवस जाऊ नयेत म्हणून तर इंजेक्शन चालूय. तिला माहीत नव्हतं का?"

आता हे इंजेक्शन बंद होणार. रिक्षात बसून मी अख्खं भांडण पाठ केलं. घरी त्या कोलंबी सोलत बसल्या होत्या. मी चप्पलही काढली नाही.

"माझी फाइल कोणाला विचारून नेलीत? इंजेक्शन बंद करा सांगायला गेला होतात ना?"

"बंद कित्याक?" त्या म्हणाल्या. "माका वाटला तुका दिवस गेले. पोराचा रवांदे, ही वाचतली मां, इतक्याच इचारूक गेलंय." हातातली कोलंबी तशीच राहिली. "माका सांगूक तोंड नाय होतां तुका?"

मी यातून वाचेन ना, एवढंच त्या विचारायला गेल्या होत्या. मला इतकी लाज वाटली की पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि त्यांच्या मनात काय आहे याचा मला आठवडाभर घोर लागून राहिला.

त्या शनिवारी दिवेलागणीला काकू आल्या. डोळे सरळ माझ्या पोटावर. मी सवयीने काडेपेटीकडे हात नेला.

"हात लावू नको," सासूबाई काकूंना ऐकू जाईल अशा ओरडल्या. "तुझे चार दिवस आसत ना? दूर रव. दिवो मी लायतंय."

काकूंचं तोंड उतरलं. देवांच्या समोर उभं राहून धडधडीत खोटं बोललेल्या सासूबाईंनी काडी ओढली.

मी देव्हाऱ्यापासून लांब, भिंतीला टेकून उभी राहिले. त्या घरात पहिल्यांदाच, माझ्या खुशीने.